मधल्या फाट्यावरचं जेवण

ढाब्याच्या मागची कुत्री गुबगुबीत असतील तर तिथं जेवायचं नाही, हा आमच्या लातूरच्या घरमालकांचा पहिला नियम होता. गाडी थांबली की आम्ही सगळे पाय मोकळे करत पुढच्या दाराकडं निघायचो, आणि काका धोतर सावरत थेट ढाब्याच्या पाठीमागं. आम्ही उन्हात उभे. जरा वेळानं ते परत यायचे आणि लांबूनच हात हलवायचे. "बसा गाडीत. हितली कुत्री लई माजल्यात."

पहिल्यांदा मी विचारलं, काका, कुत्र्यांचा न् जेवणाचा काय संबंध? तर म्हणाले, "लोक ताटात टाकून उठतेत म्हणून तर ती जाड होतेत. अन्न चांगलं असतं तर कुत्र्यापतोर गेलं असतं का?"  पोटात कावळे ओरडत होते तरी मी निमूट गाडीत बसले.

घर त्यांचं, गिरणी त्यांची, आणि थोड्याच दिवसांत आमची गाडीपण त्यांचीच झाली. खाली रस्त्याच्या अंगाला पिठाची गिरणी, मागं काका-काकू, आणि माडीवर आम्ही भाडेकरू. म्हणजे मी, नवरा आणि आमची पोरगी. नवऱ्याची नोकरी लातूरला, माझं माहेर नांदेड. महिन्या-दीड महिन्याला आम्ही नांदेडला निघायचो, आणि त्याचा वास काकांना कसा लागायचा देव जाणे. मी आदल्या दिवशी दळण टाकायला गेले की पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया वर करून विचारायचे, "काय नांदेडकर, उद्या जायलाव जणू?" मला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. आणि सकाळी बघावं तर स्वारी पुढच्या सीटवर, मांडीवर पिशवी घेऊन तयार. नवऱ्याशेजारची ती जागा माझी होती हो. पण मी मागं.

बरं, नांदेडला तरी यायचंय का? तर नाही. काका फक्त जेवायला यायचे. अहमदपूरच्या अलीकडं-पलीकडं कुठंतरी जेवण झालं, की रस्ता ओलांडून समोरच्या बाजूला उभं राहायचे आणि हात करून लातूरची एसटी नाहीतर काळीपिवळी पकडून परत. नवरा म्हणायचा, "काका, एवढं आलाच आहात तर चला की. संध्याकाळी सोबतच येऊ."

"नांदेडात माझं काय काम न्हाई," म्हणायचे, आणि पिशवी काखेला मारून चालायला लागायचे.

जेवणासाठी एवढी पायपीट करणारा माणूस खादाड असणार असं मी धरून चालले होते. तसंही नव्हतं. दीड भाकरी, जरा वरण, कांदा. संपलं. पण त्या दीड भाकरीसाठी जो काही तमाशा व्हायचा तो मी आयुष्यात विसरणार नाही.

रस्ता चौपदरी झाल्यापासून ढाब्यांना तोटा नाही. गाव बाजूला टाकून बाह्यवळण निघतं आणि जिथं खाली उतरायचं तिथं, फाट्याफाट्यावर, पाट्याच पाट्या. फॅमिली गार्डन, शुद्ध शाकाहारी, एसी हॉल, लहान मुलांना घसरगुंडी. घसरगुंडी दिसली की आमची पोरगी गाडीतच नाचायला लागायची. काका तिकडं ढुंकून बघायचे नाहीत. जिथं फॅमिली रूम म्हणून पडदे लावलेली खोपटी असतात, तिथून तर ते तावातावानं बाहेर यायचे. "परदा लावून जेवायला आपण काय चोरी करायलोय का?"

कुत्री रोडकी निघाली, पडदे नसले, की दुसरी परीक्षा माझी. "नांदेडकर, जाऊन या. कडी आतून लागती का बगा. पाणी हाय का बगा." मी जाऊन यायचे आणि सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, संडासाची कडी लागते, बादली आहे, पाण्याचा मग नाही. "मग न्हाई म्हणलं तर कसं भागंल?" काका ढाबेवाल्याकडं वळून विचारायचे, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पुढं सवय झाली. आणि खरं सांगते, बायकांच्या सोयीवरून ढाबा पारखणारा दुसरा पुरुष मला अजून भेटलेला नाही.

मग वर बघणं. काका मूळचे किल्लारीकडचे. त्या भागातला माणूस छताखाली बसायच्या आधी वर बघतो, त्याचं कारण त्याला विचारायचं नसतं. पण काका नुसतं बघून थांबत नव्हते. खांद्यावरचं उपरणं आडव्या वाशावरून टाकायचे, दोन्ही टोकं धरायचे आणि सगळा भार टाकून लोंबकळायचे. एका ठिकाणी गल्ल्यावरचा माणूस धावतच आला. "ओ आजोबा, काय करायलाव? पडंल की पत्रा."

"पडतो का न्हाई तेच बघायलोय," काका लोंबकळत म्हणाले.

हे सगळं पार पडलं की बसायचं. ताटं यायची. भाकरीची वाफ नाकात शिरलेली, ठेचा समोर, आणि काकांचा हात वर. थांबा. सगळ्यांचे हात मांडीवर. ते एकेका भांड्यातलं बोटावर घ्यायचे, आधी वास, मग जिभेवर, मग डोळे मिटून गप. आमची पोरगी एकदा त्या गप्पपणात रडायलाच लागली. काकांनी डोळे उघडले नाहीत. मग सावकाश म्हणाले, "हां. जेवा." त्या क्षणी मी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हणायचे ते लिहीत नाही.

एकदा तर कहर झाला. कुठं कुत्री, कुठं कडी, कुठं वासा, असं करत करत एकही ढाबा पसंत पडला नाही आणि आम्ही लोह्यापाशी आलो. तिथं काका उतरले, आम्हाला हात केला, आणि उपाशीपोटीच लातूरच्या एसटीत चढले. नांदेडला पोचलो तेव्हा आईनं आमची तोंडं बघून काही न विचारता उपीट टाकलं. परत आल्यावर मी तणतणत काकूंकडं गेले. म्हटलं, काकू, आता बास. पुढच्या खेपेला मी डबा घेऊन निघणार आहे, तुमच्या ह्यांना घरीच ठेवा.

काकू धपाटे थापत होत्या. हात थांबवून म्हणाल्या, "असं नको करू बाई. ते स्वतःसाठी न्हाईत हुडकत."

मग मला कळलं.

काकांची एकुलती एक लेक नांदेडला दिलेली. माझ्या माहेरापासून दोन गल्ल्या पलीकडं, आणि मला पत्ता नाही. लग्न लातूरलाच, गिरणीसमोर मांडव घालून झालं. पंगत बसली. व्याही मानाच्या पाटावर. त्यांनी पहिला घास घेतला असंल-नसंल, तोच काका बासुंदी वाढायला आले, वाकले, आणि काय अंगात आलं कुणास ठाऊक, व्याह्यांच्या पुढ्यातलं ताटच उचललं. म्हणाले, "उठा इवाई. जेवू नका." बस. एवढंच. आणि ताट घेऊन मागं निघून गेले. चार लोकांत, लेकीच्या सासऱ्याला जेवत्या ताटावरून उठवलं.

"का पण?" मी विचारलं.

"ते जर सांगितलं असतं तर मी हितं रडत बसले असते का," काकू म्हणाल्या. "आजपतोर तोंडातून शबुद न्हाई. त्या दिवशी आधीच आमची धावपळ. माझा भाऊ आचारी. औशाकडं त्याच्याबिगर लग्न होत न्हाई, एवढं त्याचं नाव. पण हे असं झालं, आणि वरून ऐन टायमाला बासुंदी कमी पडली, म्हणून शिरा हलवायला लागला."

व्याही हात धुऊन उठले आणि मांडवातच म्हणाले, आजपासून तुमच्या घरचं पाणी आम्हाला हराम. आमची सून ह्या उंबऱ्याला शिवणार नाही. आणि माणूस शब्दाला पक्का. लेक माहेरी आली नाही. दिवाळीला नाही, पंचमीला नाही. पहिलं बाळंतपण माहेरी असतं ना? तेसुद्धा नांदेडलाच झालं. नातू बसायला लागला होता आणि काकांनी त्याला फक्त फोनवर पाहिलं होतं.

"आता लेकच म्हणती, कुठंतर मधी भेटू," काकू म्हणाल्या. "ना आपलं घर, ना त्यांचं. तिसऱ्याच्या हातचं जेवू. म्हणून हे हुडकायलेत. इवाई लई चोखंदळ हायेत. पोटाचं दुखणं हाय त्यांना. इहीणबाईला गुडघे हायेत. लेकीला बाळाचं करायला आडोसा पाहिजे."

"आणि वाशाला लोंबकळतात ते?"

काकूंनी माझ्याकडं असं पाहिलं की मला लाजच वाटली. "झोळी बांधायची का न्हाई पोराला?"

मी त्या दिवशी माडी चढून वर आले आणि नवऱ्याला सांगितलं, पुढच्या खेपेला लवकर निघू. जेवढे ढाबे म्हणतील तेवढे बघू.

माझं वेड काकांपेक्षा वाढलं म्हणा ना. मी आपणहून मागं जाऊन कुत्री बघायला लागले. नवरा गाडी चालवता चालवता म्हणायचा, ती पाटी बघ, नवीन दिसतीय. पोरगीसुद्धा शिकली. ढाब्यात शिरल्या शिरल्या वर बघून ओरडायची, काका, वासा आहे. आणि काका, ज्यांना मी कधी हसताना पाहिलं नव्हतं, ते भुवया वर करून म्हणायचे, "हाय खरा. पण पोकळ हाय का भरीव?"

शेवटी सापडलं. अहमदपूरच्या अलीकडं, महामार्गावरून खाली उतरलं की उजव्या हाताला एक फाटा आहे, तिथं. पाटी नाही, घसरगुंडी नाही. एक नवरा-बायको चालवायचे. पत्र्याची लांब पडवी, पुढं लिंब, चूल बाहेरच. कुत्रं एकच, आणि तेही बरगड्या मोजून घ्याव्यात असं. मी मागं जाऊन आले आणि म्हटलं, काका, कडी आहे, पाणी आहे, मगसुद्धा आहे. काकांनी उपरणं वाशावरून टाकलं, लोंबकळले, आणि लोंबकळतच राहिले. त्या बाईनं ऑर्डर दिल्यावरच पीठ मळायला घेतलं. वरण डोळ्यांदेखत फोडणीला टाकलं. काकांनी बोटावर घेतलं, डोळे मिटले. 

"सापडलं," ते म्हणाले. बाकी काही नाही. पण त्या दिवशी त्यांनी तीन भाकरी खाल्ल्या.

आता व्याह्यांना तयार करायचं होतं, आणि ते काम माझ्या गळ्यात. मी नांदेडला गेले तशी आधी त्यांच्याकडं गेले. उंचेपुरे, मिशा विंचरलेल्या, शेती नायगावकडं, बोलणं तोलून मापून. लेक दाराआडून बघत होती, कडेवर ते गुटगुटीत पोर.

"ताई, तुम्ही परक्या, म्हणून सांगतो," व्याही म्हणाले. "मी जेवणाचा भुकेला न्हाई. पण मला ताटावरून का उठवलं एवढं त्या माणसानं सांगावं. न्हाईतर चुकलो म्हणावं. दोन्हीतलं एक."

मी निरोप काकांना सांगितला. गिरणी चालू होती. त्यांनी पट्टा काढला, सगळं शांत झालं, आणि म्हणाले, "चुकलो न्हाई मी. मंग कसं म्हणू?"

"मग कारण सांगा की."

"ते सांगण्यासारखं न्हाई." आणि पट्टा परत चढवला. घर्रर्र. आता या माणसाचं काय करावं तुम्हीच सांगा. मी तिथंच पिठात पाय आपटले.

तरी मी हेलपाटे घातले. लेकीनं आत रडारड केली असणार. शेवटी एक दिवस व्याही म्हणाले, "ठीक हाय. त्यांचा उंबरा न्हाई, माझा न्हाई. मधल्या फाट्यावर जेवू. पोराला बघू द्या त्यांना. पण एकच डाव, ताई. तिथं जर का परत माझ्या ताटाला काही झालं, तर म्हणावं नातवाचं तोंड त्याच्या लग्नातच बगा."

काकांना हे सांगितल्यावर त्यांची झोप उडाली. रोज काहीतरी नवीन. तिखट कमी घालायला सांगितलं का, भाकरी पातळ सांगितली का. न राहवून आदल्या दिवशी ते स्वतः एसटीनं जाऊन ढाबेवाल्या बाईला बजावून आले. "इवाई आल्या आल्या ताट पाहिजे. एक मिनिट ताटकळलेलं मला चालणार न्हाई. सगळं करून, झाकून तयार ठेवा." बाई म्हणाली, काका, मी आयत्या वेळी गरम करून देते की. "न्हाई. तयार पाहिजे." परत आले तेव्हा खूश होते. मीही म्हटलं, बरं झालं.

रविवारी निघालो. चैत्राचं ऊन, सकाळीच डांबर वितळायला लागलेलं. काकांनी नवं धोतर, काकूंनी ठेवणीतलं लुगडं. काकूंच्या मांडीवर एक जुनं मऊ नऊवारी, घडी करून. झोळीसाठी. मला तर गाडीत सारखं हसायला येत होतं. आम्ही फार लवकर पोचलो. काकांनी झोळी बांधली. लोंबकळून बघितलं. परत बांधली. मग रस्त्याच्या कडेला जाऊन, महामार्गावरून खाली उतरणाऱ्या प्रत्येक गाडीकडं कपाळावर हात धरून बघत उभे राहिले.

ती गाडी आली. आधी जावई उतरला, मग व्याही, मग विहीणबाई गुडघ्यावर हात ठेवून. आणि मग लेक. ती बापाकडं चालत आलीच नाही, पळत आली. "बापू," म्हणाली आणि पोर त्यांच्या हातात दिलं. काकांना पोर धरता येईना.  मग त्यांनी त्याला छातीशी धरलं आणि त्याच्या जावळात नाक खुपसलं. ते नाक, ज्यानं सगळा लातूर-नांदेड रस्ता हुंगून काढला होता, ते त्या पोराच्या डोक्यातून बाहेर निघेना.

व्याह्यांनी लांबूनच राम राम केला. काकांनी मान हलवली. सगळे बसले. समोरासमोर नाही, शेजारी शेजारी, कारण लिंबाची सावली तेवढीच होती. आणि काकांनी सांगितल्याप्रमाणं बसता क्षणी ताटं आली. वरण, वांग्याची भाजी, भाकरी, ताक. सगळं सकाळीच करून, झाकून ठेवलेलं. बाई बिचारी म्हणाली, "काका, तुम्ही म्हणलाव तसं पहाटेच करून ठेवलंय."

मी काकांकडं बघितलं. त्यांचा हात वर व्हायची मी वाट बघत होते. सगळे आमचे लोक वाट बघत होते, सवयच ती. पण काकांचं लक्षच नव्हतं. नातू मांडीवर, त्याची मूठ त्यांच्या मिशीत, आणि ते त्याला भाकरीचा पापुद्रा दाखवत होते. माझी पोरगी हळूच म्हणाली, "आई, काकांनी चाखलं नाही." मी तिला चिमटा काढला.

व्याह्यांनी वरणात भाकरी बुडवून घास घेतला. चावले. थांबले. त्यांचा चेहरा बदललेला मी पाहिला. गेलं. सगळं गेलं, असं वाटलं.

त्यांनी घास तोंडातून काढून बाजूला ठेवला. मग शेजारी पाहिलं. काकांनी नातवाला कडेवर सरकवून एका हातानं भाकरी मोडली होती, वरणात बुडवली होती, आणि घास तोंडाशी नेत होते. व्याह्यांनी झटकन हात पुढं केला आणि काकांचं ताट उचललं. "नका," म्हणाले. "इवाई, जेवू नका."

काकांचा हात तसाच राहिला.  काकूंनी तोंडावर पदर घेतला. आणि व्याही? ते ते ताट दोन्ही हातांत धरून तसेच बसून राहिले. ताटाकडं बघत. मग काकांकडं. मग परत ताटाकडं. वरणाच्या वाटीवर बारीक फेस आला होता, आता तो आम्हा सगळ्यांना दिसला. आंबून गेलं होतं. पहाटेचं, झाकलेलं, असल्या उन्हात, होणारच की.

व्याही अगदी हळू बोलले. "इवाई. त्या दिवशी... बासुंदी?"

 नातवाच्या डोक्यावर हनुवटी टेकवून काकांनी मान डोलावली.

"माझं पोट तवा नुकतंच कापलेलं," व्याही म्हणाले.

"म्हणूनच घाई केली," काका म्हणाले. "पहिलं वाढप तुमचंच होतं. ताटात पडली न् मला वास आला. तोंडात जाऊ देऊ का? आणि मांडवात वरडून सांगू का, की बासुंदी नासली म्हणून? पंगत उठली असती. लेकीच्या लग्नात. मागं नेऊन सगळी ओतून दिली न् कमी पडली म्हणलो." ते थांबले. काकूंकडं बघितलं नाही त्यांनी. "आचारी घरचा होता. त्याचं पोट त्याच्यावर हाय."

"मला तरी सांगायचं होतं की हो," काकू म्हणाल्या. त्या रडत होत्या आणि रागावल्याही होत्या. "सख्खी बायको मी. एवढे दिवस तुम्हाला येडं म्हणत बसले."

"तुला सांगितलं असतं तर तू भावाला बोलली असतीस," काका म्हणाले. आणि ते खरंच होतं.

ढाबेवाली बाई खांबाला धरून उभी होती, तिला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालेलं. काका उठले, नातवासकट तिच्यापाशी गेले आणि म्हणाले, "बाई, तुझी चूक न्हाई. तू गरम करते म्हणली होतीस. घाई माझी. पुढच्या बारीला येऊ तवा चुलीवरून ताटात वाढ." ती म्हणाली, थांबा, आत्ता करते परत. विहीणबाई म्हणाल्या, तोवर आमचा जीव जाईल.

खरंच सगळ्यांना भूक लागली होती. जावई हसायला लागला, आधी तोंड दाबून, मग उघड. त्याचं बघून लेक. मग मी. नवरा म्हणाला, पुढं एक ढाबा आहे, मोठा आहे. काका लगेच वळले. "तिथं नको. तिथली कुत्री लई गुबगुबीत हायेत."

"कुत्र्याचं काय?" व्याह्यांनी विचारलं. आणि काकांनी त्यांना सांगितलं. सगळं सांगितलं, कुत्री, कडी, वासा. व्याही मिशीवर हात ठेवून ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी झोळीकडं बघितलं, वाशाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

मग म्हणाले, "हितून लातूर किती राहिलं?"

"तासभर," नवरा म्हणाला.

व्याही उठले, धोतर झटकलं. "मंग चला. तुमच्या मांडवात माझं ताट अर्धं राहिलंय. ते पुरं करू."

 लेक झोळी सोडायला धावली, आणि तिच्या हातून गाठ सुटेना, कारण काकांनी दोनदा बांधली होती.

परत येताना पुढच्या सीटवर व्याही बसले. काका माझ्या शेजारी मागं, मांडीवर झोपलेलं पोर. रस्ताभर दोघं पुढं-मागं मोठमोठ्यानं बोलत होते, कुठल्या फाट्यावरचं कसं आहे, कुणाचं तेल कसलं आहे. माझ्या डोक्याची मंडई झाली, पण मी एकदाही गप्प बसा म्हटलं नाही.

घरी काकूंनी आणि मी मिळून भराभर स्वयंपाक केला. पिठलं, भात, शेंगाची चटणी, भाकऱ्या. दुपार टळून गेलेली. गिरणीच्या मागच्या सोप्यात पाट मांडले. व्याही उंबरा ओलांडून आत आले तेव्हा लेक दारातच उभी होती, आणि त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "सूनबाई," म्हणाले, "महिनाभर ऱ्हा. पोराला आजोळ माहीत झालं पाहिजे."

मग जेवायला बसले. ताटं वाढून झाली. काकांनी सवयीनं हात वर केला, आम्ही सवयीनं हात मांडीवर घेतले. पण काका चाखायला वाकणार तोच व्याह्यांनी त्यांचा तो वर केलेला हात धरला आणि खाली घेतला. स्वतः पिठल्यात बोट बुडवलं. वास घेतला. डोळे मिटले. 

"हां," ते म्हणाले. "जेवा इवाई."

आणि काका जेवले.